सातपुडा आणि ओळंबा

(पदवीवर्गांतील विद्यार्थ्यांकरितां नभोवाणीवर झालेलें भाषण)



आज मला बोलावयाचें आहे तें एका ओळंब्याविषयीं. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या हातांतील दोरीला बांधलेली ती जड गोटी. भिंत सरळ उभी आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां गवंडी ती वरून सोडतो, दोरी स्थिर होऊं देतो आणि मग एक डोळा मिटून भिंतीचा न्याय करतो. या न्यायावर अपील नाहीं अशी आपणां सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षांत हा न्यायाधीशही शेजारच्या वजनदार असामींच्या दडपणाखालीं थोडा वांकतो. तो किती वांकतो याचा विचार ज्या ठिकाणीं करणें शास्त्रज्ञांना भाग पडलें, त्यांतील एक ठिकाण आपल्या वऱ्हाडांत, अचलपुराच्या बाजूस आहे. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगावी असें मला फार दिवसांपासून वाटत होतें. त्याचें कारण थोडें खाजगी आहे, तें आधीं सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्गास गुरुत्वाकर्षण शिकवीत होतों. पाठ्यपुस्तकांत स्कॉटलंडांतील शिहॅलियन नांवाच्या डोंगराची हकीकत होती. १७७४ सालीं मॅस्केलिन या ज्योतिर्विदानें त्या डोंगराच्या दक्षिणेस व उत्तरेस ओळंबा लावून ताऱ्यांचे वेध घेतले, आणि डोंगर ओळंब्यास दोन्ही बाजूंनीं आपल्याकडे ओढतो हें दाखविलें. दोन्ही बाजूंच्या ओढीची बेरीज ११.६ विकला भरली. तीवरून पुढें हटन यानें साऱ्या पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट काढली. आजचा आंकडा साडेपांच पट आहे. एका डोंगरावरून साऱ्या पृथ्वीचें वजन करणाऱ्या माणसाकडून याहून अधिक काय मागावें? हें सर्व मी मोठ्या रसानें सांगत होतों. इतक्यांत अंजनगांवकडील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या गांवाच्या उत्तरेस गाविलगडचा डोंगर आहे. मग आमच्या गवंड्याचा ओळंबाही त्या बाजूस ओढला जात असेल काय?"

वर्ग हंसला. मीही हंसलों. "जात असेल, पण फार थोडा," एवढें बोलून मीं फळा पुसला आणि पुढील सूत्राकडे वळलों. किती थोडा हें मीं सांगितलें नाहीं. मला तें ठाऊक नव्हतें आणि काढून पाहावें असेंही त्या वेळीं वाटलें नाहीं. डोंगर स्कॉटलंडांतला असला म्हणजे तो पदार्थविज्ञानाचा, आणि घरामागचा असला म्हणजे तो लाकूडफांट्याचा, अशी कांहींशी समजूत माझ्याही मनांत कोठें तरी असली पाहिजे. पुढें बऱ्याच वर्षांनीं हिंदुस्थानच्या त्रिकोणमापनाचा इतिहास वाचीत असतां 'टाकल खेरा' असें एक नांव वारंवार आढळूं लागलें. हें गांव एलिचपुरापासून थोड्या अंतरावर, असें तेथें लिहिलें होतें. एलिचपूर म्हणजे अचलपूर, आणि 'टाकल खेरा' म्हणजे उघडच टाकळखेडा किंवा टाकरखेडा. इंग्रज लेखकाच्या कानानें आमच्या गांवांच्या नांवांचे असेच हाल केले आहेत. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न १८३० सालींच विचारला गेला होता, आणि तो जवळजवळ त्याच्याच अंगणांतून विचारला गेला होता!

तो प्रश्न तेथें कसा उत्पन्न झाला हें समजण्यासाठीं पृथ्वी मोजतात कशी हें पाहिलें पाहिजे. युक्ति जुनी आणि सोपी आहे. एकमेकांच्या बरोबर दक्षिणोत्तर अशीं दोन गांवें घ्यावीं. त्यांच्या अक्षांशांतील अंतर आकाशाकडे पाहून काढावें आणि त्यांच्यामधील जमिनीवरचें अंतर मोजावें. इतक्या अंशांना इतके कोस, तर ३६० अंशांना किती? हें त्रैराशिक भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणींत दिलेलें आहे आणि पृथ्वीचा परिघ त्यांनीं ४९६७ योजनें मानला आहे. जातां जातां आणखी एक गोष्ट सांगतों. भास्कराचार्यांच्याच करणकुतूहल ग्रंथांत लंकेपासून उज्जयिनी, कुरुक्षेत्र असें करीत मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांची यादी आहे, आणि तींत वत्सगुल्म हें नांव आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. आजच्या नकाशावर वाशीम उज्जयिनीच्या सव्वा अंशाहून अधिक पूर्वेस पडतें, ही गोष्ट खरी. परंतु मध्यरेषेच्या हिशेबांत वऱ्हाडाला आठशें वर्षांपूर्वींपासून जागा आहे, हेंही तितकेंच खरें. सहाशें वर्षांनंतर इंग्रजांनीं जी दक्षिणोत्तर रेषा मोजावयास घेतली, तीही वाशीमच्या पूर्वेस अवघ्या अर्ध्या अंशाच्या सुमारास आहे.

ही रेषा मोजणारा विल्यम लॅम्टन हा सैन्यांतील अधिकारी. आर्थर वेल्स्ली ज्या ३३ व्या पलटणीचा मुख्य होता, तिच्यांतलाच हा. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईंत दोघेही होते. वेल्स्लीनें १५ डिसेंबर १८०३ रोजीं तोफा डोंगरावर चढवून गाविलगड घेतला. एकोणीस वर्षांनीं त्याच डोंगरानें लॅम्टनच्या ओळंब्याची दोरी ओढली. डोंगरानें सूड उगवला असें म्हणण्याचा मोह होतो, पण हा इतिहासाचा तास नाहीं.

लॅम्टननें १८०२ सालीं मद्रासजवळ कामास आरंभ केला. प्रथम एक सपाट जागा शोधून तेथें काहीं मैलांची सरळ रेषा पोलादी सांखळीनें मोजावयाची. हिला पाया म्हणत. ही सांखळी मूळची चीनच्या बादशहाकडे नजराण्यादाखल पाठविलेली आणि त्यानें न स्वीकारलेली! मग पायाच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरील किंवा देवळाच्या शिखरावरील खुणेचे कोन मोजावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले म्हणजे उरलेल्या बाजू घरबसल्या निघतात, हें आपणांस शाळेंतच शिकवितात. त्या बाजूंवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. कोन मोजण्याचें यंत्र अर्ध्या टनाच्या वजनाचें होतें. असे त्रिकोण रचीत तो कन्याकुमारीकडे गेला, परत फिरला, बिदरजवळच्या दामरगिद्यास १८१५ सालीं नवा पाया मोजला, आणि १८२२ सालीं वऱ्हाडांत, टाकळखेड्यास, आणखी एक. त्या वेळीं तो सत्तरीच्या घरांत होता. पुढील वर्षाच्या आरंभीं, नागपुराकडे जात असतां, २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें तो वारला. त्याची कबर तेथें आहे. वीस वर्षांत त्याची रेषा हिंदुस्थानच्या टोकापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आली होती.

आतां या खटाटोपाचा हेतु पाहा. केवळ नकाशा काढण्यासाठीं इतकी बारकाई लागत नाहीं. पृथ्वी गोल आहे हें जुनेंच. प्रश्न असा होता कीं ती कशासारखी गोल आहे? वरुड-मोर्शीचें संत्रें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. देंठाकडे आणि बुडाकडे तें जरा दबलेलें असतें. लिंबाचें उलट, त्याला दोन्ही टोकांस बोंड असतें. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते म्हणून ती संत्र्यासारखी असली पाहिजे, असें न्यूटनचें गणित सांगत होतें. फ्रान्समध्यें कॅसिनीच्या घराण्यानें प्रत्यक्ष मोजणी करून ती लिंबासारखी आहे असें सांगितलें. अठराव्या शतकांत फ्रेंचांनीं एक तुकडी उत्तरेस लॅपलंडांत आणि दुसरी विषुववृत्तावर पेरूकडे पाठवून हा वाद न्यूटनच्या बाजूनें मिटविला. संत्रें ठरलें, पण तें किती दबलेलें, हें ठरावयाचें होतें. त्याची परीक्षा अशी कीं, दबलेल्या भागाकडे पृथ्वीची वक्रता कमी, म्हणून तिकडे एक अंश भरण्यास जमिनीवर अधिक चालावें लागतें. उत्तरेस जावें तसतसा अंश लांब होत गेला पाहिजे.

किती लांब? हा आंकडा लक्षांत ठेवा, कारण पुढें सारें त्यावरच आहे. दामरगिद्याचा अक्षांश सुमारें १८ अंश ३ कला, टाकळखेड्याचा २१ अंश ६ कला, आणि लॅम्टनच्या मागून एव्हरेस्टनें जेथपर्यंत रेषा नेली त्या सिरोंजजवळील कल्याणपूरचा २४ अंश ७ कला. म्हणजे जवळजवळ तीन-तीन अंशांचे दोन समान तुकडे; टाकळखेडा बरोबर मध्यें. दक्षिणेकडील तुकड्यांत एका अंशाची लांबी सुमारें ११०.७० किलोमीटर यावयास पाहिजे आणि उत्तरेकडील तुकड्यांत सुमारें ११०.७४. अंशामागें फरक अवघा चाळीस मीटरांचा! नागपुराहून अमरावतीस जाण्यापेक्षांही कमी अशा अंतरांत चाळीस मीटर शोधून काढावयाचे. सांखळी आणि त्रिकोण यांना हें साधण्यासारखें होतें. परंतु अक्षांश?

अक्षांश काढण्यासाठीं तारा मध्यान्हरेषेवर येतांच तो डोक्यावरील बिंदूपासून किती दूर आहे हें मोजतात. 'डोक्यावरील बिंदु' म्हणजे कोणता? आकाशांत तशी खूण नाहीं. ओळंबा जेथून खालीं लोंबतो त्याच्या नेमक्या उलट दिशेला जो बिंदु, तोच हा. म्हणजे यंत्र कितीहि मोठें आणि त्यावरील रेघा कितीहि बारीक असल्या तरी शेवटीं सर्व भार एका दोरीवर! एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; पृथ्वीच्या पृष्ठावर ती सुमारें ३१ मीटर होते. ओळंबा चार विकला कलला तर टाकळखेडा आपल्या जागेवरून सव्वाशें मीटर सरकल्यासारखा दिसेल.

आतां कागद-पेन्सिल घ्या. सातपुड्याच्या या भागाचें आपण अगदीं ओबडधोबड चित्र करूं. डोंगराची रांग पूर्व-पश्चिम लांबच लांब आहे. तिला दोन्हीकडे अंतच नाहीं असें समजूं. खालचें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर, चिखलदरा सुमारें ११०० मीटर. पण सारा डोंगर चिखलदऱ्याइतका उंच नाहीं, मध्यें दऱ्या आहेत, म्हणून मैदानापासून सरासरी उंची ६०० मीटर धरूं. दगड काळा, घनता पाण्याच्या २.८ पट. टाकळखेड्यापासून डोंगराची कड ३० किलोमीटरांवर सुरू होते आणि ७५ किलोमीटरांवर संपते असें धरूं. आतां या डोंगराच्या पूर्व-पश्चिम पट्ट्या कापा, शेवयांसारख्या बारीक. अशा एका अमर्याद लांब पट्टीचें आकर्षण अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणांत असतें. हें ज्यांना आठवत नसेल त्यांनीं एकदां संकलन करून पाहावें. दोन ओळींचें काम आहे. सर्व पट्ट्यांची बेरीज केली म्हणजे उत्तर येतें तें असें: गुरुत्वस्थिरांकाची दुप्पट, गुणिलें घनता, गुणिलें उंची, गुणिलें दूरच्या आणि जवळच्या अंतरांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम.

गुणोत्तर पंचाहत्तरास तीस, म्हणजे अडीच. त्याचा लॉगॅरिथम ०.९२. गुरुत्वस्थिरांक म्हणजे ६.६७ ला एकावर अकरा शून्यें अशा संख्येनें भागून येणारी रक्कम. घनता २८०० किलोग्रॅम दर घनमीटरास, उंची ६००. गुणाकार केला कीं डोंगराची आडवी ओढ सेकंद-वर्गास ०.०००२ मीटर निघते. पृथ्वीची खालची ओढ ९.८. दोहोंचें प्रमाण सुमारें ४८ हजारांस एक. एक मीटर लांबीच्या ओळंब्याचें टोक यानें एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढें उत्तरेस सरकेल, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी. माझें 'फार थोडा' हें उत्तर गवंड्यापुरतें खरें होतें. परंतु याच प्रमाणाचा कोन केला तर तो भरतो ४.३ विकला.

चार विकला! ओळंब्याची गोटी उत्तरेकडे ओढली गेली, म्हणून डोक्यावरील बिंदु दक्षिणेस ढळला, म्हणून टाकळखेड्याचा अक्षांश खऱ्याहून चार विकला कमी दिसला. दक्षिणेकडील तुकडा अंशांनीं आंखूड झाला. जमीन तेवढीच, म्हणून अंशामागची लांबी चाळीस मीटरांनीं वाढल्यासारखी झाली. उत्तरेकडील तुकडा तेवढाच ताणला गेला, तेथें अंश चाळीस मीटरांनीं आंखूड झाला. खरा फरक उत्तरेच्या बाजूनें चाळीस मीटरांचा. ओळंब्याची चूक दक्षिणेच्या बाजूनें ऐंशी मीटरांची. वजाबाकी करा. उत्तरेस जावें तसा अंश लांब होण्याऐवजीं आंखूड होऊं लागला! केवळ या दोन तुकड्यांवर विसंबून कोणी निकाल दिला असता, तर आमच्या सातपुड्यानें संत्र्याचें लिंबूं करून दाखविलें असतें.

माझा हा हिशेब कच्चा आहे हें मी पुनः सांगतों. डोंगर अमर्याद नाहीं, त्याची उंची सर्वत्र सारखी नाहीं, आणि तापीच्या खोऱ्यापलीकडे बैतूलचें पठार आहे तें मीं हिशेबांत धरलेंच नाहीं. उत्तर दीडपट चुकलें तरी मला आश्चर्य वाटणार नाहीं. पण मुद्दा आंकड्याच्या शेपटाचा नसून त्याच्या योग्यतेचा आहे: जो फरक शोधण्यासाठीं एका माणसानें वीस वर्षें उन्हापावसांत घालविलीं, त्याच मापाची चूक एक डोंगर कांहीं न बोलतां करूं शकतो.

जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्टनचा साहाय्यक व मागून त्याच्या जागीं आलेला अधिकारी. याचें नांव १८६५ सालीं हिमालयाच्या शिखराला दिलें गेलें, त्यामुळें आपणांस तो गिर्यारोहक होता असेंच वाटतें. दामरगिद्यापासून कल्याणपूरपर्यंतच्या मोजणीवर १८३० सालीं त्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत टाकळखेड्याच्या उत्तरेकडील डोंगराचा ओळंब्यावर काय परिणाम होत असेल याचा विचार त्यानें केला आहे. पुढें १८४७ च्या मोठ्या ग्रंथांत त्यानें रेषेचे जे दोन भाग पाडले, त्यांचीं टोकें आहेत दामरगिदा, कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचें कलियाना. टाकळखेडा मधून गळला आहे. आमच्या गांवाचें नांव शास्त्राच्या पानावरून गेलें, आणि गेलें तें डोंगराच्या शेजारामुळें.

पण एव्हरेस्ट सातपुड्याला चुकवून हिमालयाच्या तोंडीं सांपडला. कलियाना मुजफ्फरनगरजवळ, हिमालयापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर. कल्याणपूर आणि कलियाना यांच्या अक्षांशांतील अंतर ताऱ्यांवरून काढलें आणि त्रिकोणांवरून काढलें, तेव्हां दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक पडला. सहाशें किलोमीटरांच्या अंतरांत सुमारें १६० मीटर. एव्हरेस्टनें हा फरक मोजणीच्या चुकांत वांटून टाकला. जॉन हेन्री प्रॅट नांवाचे एक धर्मोपदेशक कलकत्त्यास होते, गणितांत मोठे निष्णात. त्यांना ही वांटणी पटली नाहीं. त्यांनीं आपण आतां सातपुड्याचें केलें तेंच गणित, अर्थात् शंभरपट काळजीनें, हिमालय आणि तिबेटच्या पठारासाठीं केलें. ओळंबे पांच विकलांनीं ढळले असते तर प्रश्न तेथेंच मिटता. पण प्रॅटचें उत्तर आलें १५.८८५ विकला! डोंगर ओढतो हें खरें. मात्र जेवढें ओढावयास पाहिजे त्याच्या तिसऱ्या हिश्शानेंच तो ओढतो. मग हिमालय काय आंतून पोकळ आहे?

येथें मला थांबावेंसें वाटतें. आपल्या प्रयोगशाळेंतील वह्या मीं आयुष्यभर तपासल्या आहेत. पुस्तकांतील उत्तर ९.८ आणि आपलें ९.३ आलें म्हणजे विद्यार्थी काय करतो हें मला ठाऊक आहे; तो ३ चा ८ करतो. प्रॅटच्या हातीं ५ च्या ऐवजीं १५ आले होते आणि त्यांनीं ते तसेच छापले. मग इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनीं १८५५ सालींच त्याचा अर्थ सुचविला. डोंगर हा जमिनीवर ठेवलेला धोंडा नव्हे, तो तरंगणारा ओंडका आहे. ओंडका पाण्यावर जितका अधिक उंच दिसतो तितका तो पाण्याखालींही अधिक खोल असतो. तसे डोंगराच्या खालीं हलक्या खडकाचें मूळ खोल बुडालेलें आहे, आणि तेथें जड द्रव्याची जागा हलक्या द्रव्यानें घेतल्यामुळें डोंगराची ओढ बरीचशी फिटून जाते. प्रॅट यांनीं स्वतः पुढें निराळी उपपत्ति मांडली. त्यांच्या मतें उंच प्रदेशाखालील सारा स्तंभच हलका असतो. भूशास्त्रांत आज दोन्ही कल्पना नांदत आहेत, कोठें एक अधिक लागू, कोठें दुसरी. भूकवच असें तोललेलें आहे या विचाराला आयसोस्टसी हें नांव मागाहून मिळालें.

मूळ धरलें म्हणजे आपल्या चार विकलांतूनही कांहीं कमी होतील, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल. शिवाय एक हिशेब अगदीं आपल्या पायाखालचा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तेथील विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, हें तेथल्या घरांना सांगावयास नको. या पट्ट्यांत काळ्या दगडावर नदीनें आणलेला गाळ सांचला असून तो कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट खोल आहे. गाळ दगडाहून हलका. ज्या बाजूस गाळ खोल, त्या बाजूस ओढ कमी. म्हणजे ओळंब्याला एकीकडून सातपुडा ओढतो आणि दुसरीकडे हा गाळ कोणत्या बाजूस किती खोल आहे त्याप्रमाणें ती ओढ कमी-जास्त होते. उलट रीतीनें, आकर्षणांतील बारीक फरक मोजून खालीं गाळ किती खोल असावा याचा अदमास घेतां येतो. भूगर्भाचा शोध घेणारे लोक ती रीत आज नित्य वापरतात. ज्याला टाकळखेड्याला 'चूक' म्हणून वगळलें, तें आतां जमिनीच्या आंत पाहण्याचें साधन झालें आहे.

ओळंबाही आतां दोरीला उरला नाहीं. २००२ पासून २०१७ पर्यंत ग्रेस नांवाचे दोन उपग्रह सुमारें २२० किलोमीटरांचें अंतर ठेवून एकामागून एक पृथ्वीभोंवतीं फिरत होते. पुढच्या उपग्रहाखालीं अधिक वस्तुमानाचा प्रदेश आला कीं तो किंचित् पुढें ओढला जाई आणि दोघांतील अंतर वाढे. मागचा तेथें आला म्हणजे उलट. तें अंतर अखंड मोजीत राहून त्यांनीं सर्व पृथ्वीच्या ओढीचा नकाशा काढला. त्यांचे वारस २०१८ पासून फिरत आहेत. एक गोटी आणि एक डोंगर याऐवजीं दोन गोट्या आणि सारी पृथ्वी. गणित मात्र तेंच.

वेळ संपत आला. घरीं करून पाहण्यासाठीं दोन गोष्टी सांगतों. अकोल्याच्या विद्यार्थ्यांनीं नरनाळ्याकडील डोंगराची कड ६० किलोमीटरांवर आणि तेथून रांगेची रुंदी पूर्वींइतकीच, ४५ किलोमीटर, धरावी. उत्तर अडीच विकलांहून थोडें अधिक येईल. मग अकोल्याच्या दक्षिणेकडे पातूरच्या बाजूस जमीन चढत जाते, ती विरुद्ध दिशेनें किती ओढते हें तुम्हीच काढा आणि वजा करा. नकाशा आणि एक पट्टी एवढें साहित्य त्याला पुरे.

अमरावतीच्या विद्यार्थ्यांना थोडें अवघड काम देतों. अचलपुरापासून डोंगराची कड १२ किलोमीटरांवर धरली तर आपल्या सूत्रानें ओढ सात विकलांच्या पुढें जाते. परतवाड्याहून आणखी पुढें चला. अंतर कमी होत जाईल, गुणोत्तर वाढत जाईल, आणि अगदीं पायथ्याशीं जवळचें अंतर शून्य केलें तर लॉगॅरिथम अनंत होईल! सूत्राप्रमाणें तेथें ओळंब्यानें आडवेंच व्हावयास पाहिजे. घाटाच्या तोंडाशीं राहणाऱ्या लोकांच्या भिंती उभ्या आहेत हें तर आपण पाहतों. तेव्हां सूत्र कोठें तरी फसलें. पट्ट्या कापतांना आपण एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि दूरच्या डोंगराला ती चालत होती: ६०० मीटर उंचीची पट्टी आपण जमिनीवर ठेवलेल्या तारेसारखी मानली. जवळ गेल्यावर तिची उंची विसरून चालणार नाहीं. उंची धरून तेंच संकलन पुनः करा. पायथ्याशीं उत्तर मर्यादित निघतें.

त्या अंजनगांवच्या विद्यार्थ्याचा पत्ता आज माझ्याजवळ नाहीं. तो जर हें भाषण ऐकत असेल, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आहे. आंकडा मीं वर दिलेल्या रीतीनें त्यानें आपल्या घरापासूनचें अंतर घालून काढावा.